परातीखालचा पुठ्ठा

फोन आला तेव्हा मी परात शोधत होते. संध्याकाळच्या भाकरी टाकायच्या होत्या. डब्यातून पीठ काढलं, आणि हात सवयीनं भिंतीला टेकवलेल्या परातीकडे गेला तर तिथं नुसती भिंत. मग आठवलं की परात सकाळच्या एसटीनं कारंज्याला गेली आहे, भासऱ्यांबरोबर. बाहेर ओसरीत आमचे हे फोनवर बोलत होते, "हो… हो… केव्हा?…" मग ते आत आले, चौकटीत उभे राहिले आणि म्हणाले, "दादा वारला." मी म्हणाले, "अन् परात?"

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. यांनीही सांगितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. माणूस गेल्याची बातमी डोक्यात उतरायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत तोंडाशी जे असतं तेच बाहेर पडतं. यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं, आणि तसेच ते खाली बसून रडायला लागले. मग मीही. पीठ तसंच ताटात पडून राहिलं. आता महिना-सव्वा महिना झाला. भासऱ्यांच्या खोलीत अर्ध्या कोऱ्या वह्यांचा गठ्ठा सापडला, त्यातल्याच एका वहीत मागच्या बाजूनं हे लिहिते आहे. पुढच्या बाजूनं त्यांची गणितं आहेत. मधे कुठंतरी भेटू.

भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे धाकट्याच्या बायकोनं भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्या पुढ्यात बसायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचं नाही, असा रिवाज होता. आता एवढं कोणी पाळत नाही. आमच्याच गल्लीतल्या नव्या सुना भासऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून बाजाराला जातात. पण मी लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवून हे सगळं सांगितलं, आणि मी मुळात अशी की दुकानात साखर मागायची तरी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहते. त्यामुळे मला तो रिवाज जाचला नाही. खरं सांगायचं तर सोयीचाच पडला. घरातल्या एका माणसाशी तरी बोलावं लागत नाही, तेवढाच जीवाला आराम.

भासरे कारंज्याला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. जाऊबाई लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. तिथं खोली करून राहायचे आणि सुट्टीला गावी यायचे. सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि पुस्तकांच्या चार पेट्या घेऊन कायमचे आमच्याकडे आले. आमचं गाव किन्हीराजापासून जवळच. ओसरीला लागून एक खोली होती, ती त्यांना दिली. आता रोजचं जेवण, चहा, आंघोळीचं पाणी, सगळ्याचा निरोप द्यायचा तर बोलल्याशिवाय कसं होणार? तोवर आमची वैशाली घरात होती. "काकाले सांग", "आईले सांग" असं करत ती पोरगी दिवसातून वीस वेळा ओसरी ते स्वयंपाकघर धावायची. मग तिचं लग्न झालं, ती मानोऱ्याला गेली आणि तिचं काम बुगडीकडे आलं.

बुगडी म्हणजे आमची बकरी. अंगणात ओसरीसमोरच्या खुंट्याला बांधलेली असायची. मी स्वयंपाकघराच्या दारातून तिच्याशी बोलायचे, भासरे ओसरीतून तिच्याशी बोलायचे, आणि आम्हा दोघांचं काम व्हायचं. एकदा गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस आला होता. तो अंगणात उभा, आणि आमचं नेहमीचं चाललेलं.

"काय वं बुगडे, आता वाढू का थांबू?" मी आतून.

"बुगडे, सांग, अर्ध्या तासानं," भासरे पुस्तकातून मान वर न काढता.

"मंग भाजी थंडी होईन म्हणा."

"चालते म्हण."

त्या माणसानं सिलिंडर खाली ठेवलं, बराच वेळ बकरीकडे पाहिलं आणि आमच्या यांना हळूच विचारलं, "भाऊ, भाजी गरम करूनच द्या लागते का हिले?"

गावात भासऱ्यांना सगळे मास्तर म्हणायचे. संध्याकाळी बारावीची पोरं-पोरी ओसरीत जमायची, त्यांना ते फुकट शिकवायचे. आधी पुस्तकातलं शिकवायचे, आणि पुस्तकातलं झालं की हळूच पुस्तकाबाहेर जायचे. पुस्तकाबाहेर त्यांचा एकच विषय होता, सममितीभंग. हा शब्द मी भाकरी थापता थापता भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकला की वैशालीच्या पोरीच्या बारशाला नाव सुचवताना तोंडातून निघता निघता राहिला.

त्यामागची गोष्ट त्यांनी यांना किती वेळा सांगितली असेल. कॉलेजात लागले त्या वर्षी एका पोरानं त्यांना विचारलं होतं, की सर, सुरुवातीला सगळं सगळीकडून सारखंच होतं म्हणता, मग आता एक गोष्ट दुसरीसारखी नाही हे झालं कसं? आणि भासरे म्हणाले होते, "परीक्षेले नाई येत ते. खाली बस." तो पोरगा खाली बसला. पुढे तो कुठं गेला, काय झाला, भासऱ्यांना कळलं नाही. पण त्याला खाली बसवल्याची खंत त्यांच्या मनात राहिली. "एकाच्या तरी डोक्यात हे उतरवूनच मरीन," असं ते म्हणायचे. ते ज्यांना सांगायचे ते आमचे हे तोवर बसल्या जागी घोरत असायचे. भासऱ्यांना वाटायचं आपण भिंतीशी बोलतो आहोत. भिंतीमागं मी जागी होते.

ते सांगायचे ते मला समजायचं, कारण त्यांची सगळी सामग्री माझ्याच घरातली होती. खराट्याची एक काडी घ्यायची, जमिनीवर उभी धरायची आणि वरून तळव्यानं दाबायची. काडी सरळ असते, चारी बाजू तिला सारख्या. दाब वाढला की सारखं राहणं तिला जमत नाही, कोणत्यातरी एका बाजूला वाकावंच लागतं. कोणत्या, ते आधी कोणी सांगू शकत नाही. पण एकदा वाकली की वाकली, मग ती एकच बाजू तिची. "यालेच म्हणतात सममितीभंग," असं म्हणून ते प्रत्येक पोराला एक काडी द्यायचे. पंधरा दिवसांत माझ्या खराट्याचं वजन निम्मं झालं. मी अंगण झाडायचे तर कचरा जागीच, नुसत्या रेघा पडायच्या. शेवटी मी बुगडीला म्हणाले, "बुगडे, काड्या पाह्यजे असतीन तं नवा खराटा आन म्हणा बाजारातून." दुसऱ्या दिवशी ओसरीत दोन नवे खराटे. एक माझा, एक शास्त्राचा.

मग बैल. आमच्याकडे बाळ्या आणि पाखऱ्या अशी जोडी आहे. आता नांगरणी ट्रॅक्टरनं होते, पण सोयाबीनमधलं तण काढायला डवरा अजून बैलच ओढतात. बैलाचं असं असतं की पहिल्यांदा जुवाला जुंपताना ज्या बाजूला जुंपला, जन्मभर त्याच बाजूला चालतो. भासऱ्यांना हे फार आवडलं. "गोऱ्हे होते तवा दोघं सारखेच. कोनीबी कुठंबी चालला असता. एका सकाळी तू याले उजवीकडे घेतलं, अन् झालं!" असं ते यांना सांगायचे. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण एक दिवस हे जेवायला बांधावर बसले असताना त्यांनी बैलांची अदलाबदल करून पाहिली. बाळ्या पाखऱ्याच्या जागी, पाखऱ्या बाळ्याच्या जागी. दोन्ही बैल एकमेकांकडे ढकलत, एकमेकांना घासत, डवऱ्यासकट गोल फिरले आणि चार ओळी सोयाबीन आडवं करून विहिरीपाशी जाऊन उभे राहिले.

हे हातातली भाकर टाकून धावले. "दादा, तुमच्या त्या शास्त्रापायी माई जोडी नासवता का!"

भासरे चिखलात उभे, चष्मा एका कानावर. "पाह्यलं ना पन? परत फिरत नाई म्हंजे नाईच!" त्यांचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. त्या संध्याकाळी दोघा भावांना मी वेगवेगळं वाढलं.

पण त्यांचा सगळ्यात आवडता प्रयोग परातीचा. माझी कणीक मळायची पितळी परात घ्यायची, तिच्या मध्यभागी गोल बुडाची जुनी वाटी पालथी ठेवायची, आणि वाटीच्या टोकावर सोयाबीनचा एक दाणा अलगद ठेवून हात काढून घ्यायचा. दाणा टोकावर असतो तोवर सगळ्या बाजू त्याला सारख्या. पण टोकावर तो टिकत नाही, घरंगळून खाली परातीत कुठंतरी जाऊन बसतो. परातीभर गोल जागा आहे, कुठंही बसता आलं असतं, पण बसला एका जागी. "जग असंच बसलं," ते म्हणायचे. पुन्हा ठेवला की दुसरीकडे, पुन्हा ठेवला की तिसरीकडे, असं ते पोरांना दाखवणार होते. पहिल्या दिवशी दाणा ठेवला तो अंगणाकडे गेला. दुसऱ्यांदा, अंगणाकडे. तिसऱ्यांदा, अंगणाकडे. बारा वेळा ठेवला, बारा वेळा अंगणाकडे.

एक पोरगी म्हणाली, "सर, दाना बकरीकडंच जाऊन राह्यला."

"भूक लागली असंन तिले," दुसरा म्हणाला, आणि ओसरी हसून हसून लोटपोट.

भासरे हसले नाहीत. मला आतून दिसत होतं. ते खाली वाकून दाण्याकडे असे पाहत होते जसं आपण आपल्याच पोराकडे पाहतो, चारचौघांत उलटून बोलल्यावर.

दाणा तिकडेच का जातो, ते मला माहीत होतं. या घराची फरशी आमच्या यांनी स्वतः बसवली आहे आणि त्यांना तिचा फार अभिमान. धुताना पाणी कुठं साचू नये म्हणून त्यांनी घरभर उतार काढला, ओसरीचा अंगणाकडे, स्वयंपाकघराचा मोरीकडे. डोळ्यांना दिसत नाही इतका. पण मी रोज जमिनीवर परात ठेवून तिच्यात पाणी ओतते. ते मोरीच्या अंगाला जमतं, हे मला अठ्ठावीस वर्षांपासून ठाऊक. भाकरीच्या पिठाला कळतं ते दाण्याला कळणार नाही का? पण हे सांगायचं कसं? बकरीच्या तोंडून भासऱ्याला तुमचं चुकलं म्हणायचं? आणि यांना सांगावं तर हे म्हणणार, माझ्या फरशीत खोट काढते. बैलांचं भांडण अजून निवळलं नव्हतं.

मी रिकामी आगपेटी फोडली, तिच्या पुठ्ठ्याच्या चार घड्या केल्या. पोरं यायच्या आधी सतरंजी मीच टाकायचे, परातही मीच मांडून ठेवायचे. अंगणाकडच्या अंगाला परातीखाली तो पुठ्ठा सरकवला, परातीत वाटीभर पाणी घालून सपाट झाली का पाहिलं, पाणी पुसलं आणि आत जाऊन भाकरी थापायला बसले. त्या दिवशी दाणा दाराकडे गेला, मग भिंतीकडे, मग अंगणाकडे, मग एका पोराच्या गुडघ्याकडे. भासऱ्यांचा आवाज इतका चढला की समोरच्या घरचे बाहेर येऊन पाहू लागले. माझी त्या दिवसाची भाकरही चांगली फुगली.

पुठ्ठ्यानं बरेच दिवस काम केलं. वाटलं, मिटलं. पण निंदणाचे दिवस आले की मी दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते, येईपर्यंत दिवे लागतात. अशा दिवशी भासरे स्वतः परात मांडायचे, पुठ्ठा माझ्या फडताळात, आणि दाणा परत अंगणाकडे. त्यांनी टिपण ठेवायला सुरुवात केली. आज ही वही पुढून उलटली तर ते टिपण सापडलं. "पंखा चालू: चहूकडे. पंखा चालू: अंगणाकडे. बकरी बांधलेली: अंगणाकडे. बकरी बांधलेली: चहूकडे. बकरीचा संबंध तपासणे." तपासायला म्हणून त्यांनी यांना सांगून बुगडीला दोन दिवस शेतातल्या गोठ्यात बांधायला लावलं. नेमकी मी पहिल्याच दिवशी निंदायला. बकरी नाही, आणि दाणा तरीही अंगणाकडेच, रिकाम्या खुंट्याच्या दिशेनं.

मी घरी आले तेव्हा पोरं गेली होती. हे अजून शेतात. भासरे ओसरीत परातीपुढं बसून फोनवर बोलत होते. कारंज्याच्या त्यांच्या जुन्या कॉलेजातल्या एका मॅडमनी त्यांना पोरांसमोर बोलायला बोलावलं होतं, हे मला माहीत होतं. दहा दिवसांवर आलं होतं. त्यासाठी त्यांनी नवा सदरा शिवला होता, नव्या सदऱ्याचा त्यांना तिटकारा असूनही. आणि आता ते म्हणत होते, "नाही मॅडम, माझं नका धरू… नाही, तब्येत बरी आहे. माझंच काही तरी मुळात चुकते आहे. सात वर्षं एक दाणा मला नीट पाडता येत नाही, तर पोरांना काय सांगू… उद्या पक्कं कळवतो, पण दुसरं कोणी पाहून ठेवा." फोन ठेवला. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि बसून राहिले.

मी दारात उभी. अंगणात खुंटा होता, बकरी नव्हती. उद्या सकाळी ते नाही म्हणून कळवणार, आणि त्या पोरासारखेच स्वतःही कायमचे खाली बसणार, हे मला दिसत होतं. बोलायचं ते दोनदा मनात म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणायला गेले तर ते बाहेरच पडलं.

"तुमचं काई चुकत नाई."

भासऱ्यांनी झटकन खुंट्याकडे पाहिलं. बकरी नाही हे पाहून ते घाबरले असावेत.

"घराले उतार हाय," मी म्हणाले.

ते माझ्याकडे वळले नाहीत, रिवाज त्यांनाही होताच. खुंट्याकडेच पाहत त्यांनी विचारलं, "किती?"

मला वाटलं होतं ते रागावतील, हसतील किंवा उठून जातील. किती, असं विचारतील हे मनात आलं नव्हतं. पण किती ते मला माहीत होतं. "आगपेटीच्या पुठ्ठ्याच्या चार घड्या. अंगणाकून."

त्यांनी शेजारचा तांब्या उचलला आणि ओसरीत पालथा केला. पाणी जराही न घुटमळता सरळ अंगणात गेलं. ते पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतात की काय, तर हसत होते. "अन् मी बकरीवर शक घेऊन राह्यलो… अन् चहूकडे गेला त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी घरी होती."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"कोनाले सांगू? बकरीले?"

त्यानंतर त्यांनी मला सांगितलं, खुंट्याकडे पाहतच, की दाणा आपल्या मनानं पडतो ते वेगळं आणि उतारानं पडतो ते वेगळं, आणि या दोघांना वेगळं करण्यातच तर सगळं शास्त्र आहे. जिथं उतार नसतो तिथं खरा सममितीभंग. मी म्हणाले, मग भाकरीचं तुम्ही पोरांना सांगता तेही तितकं खरं नाही. भाकर फुगली की वाफ कुठूनही फुटते म्हणता, पण ती माझ्या मधल्या बोटापाशी फुटते, थापताना ते बोट जास्त दाबलं जातं, तिथं भाकर पातळ होते. ते त्यांनी लिहून घेतलं. मी सांगितलेलं कोणी लिहून घेतल्याची ही पहिली वेळ. मग माझी भीड मोडली ती मोडलीच. मी विचारलं, "अन् वालाचा वेल? दरसाल कुडाले चार-पाच वेल लावतो. जितके लावले तितके एकाच अंगानं गुंडाळतात. दुसऱ्या अंगानं एकबी नाई. काडी तं सगळीकून सारखीच हाय. मंग त्याचा उतार कुठी हाय? बियात हाय का?"

भासरे पहिल्यांदाच वळले. माझ्याकडे नाही, कुडाच्या कुंपणाकडे. अंधारात तिथं काही दिसत नव्हतं तरी पाहत राहिले. "मले नाई माईत," ते म्हणाले. चौथीपर्यंत मला तीन मास्तर होते, त्यांतल्या एकानंही हे कधी म्हटलं नव्हतं. "कारंज्याले जीवशास्त्राच्या मॅडम हायेत. त्यायले इचारतो अन् येऊन सांगतो."

म्हणजे जाणार होते. मी आत जाऊन चूल पेटवली.

तेवढ्यात हे आले आणि ओल्या ओसरीत घसरता घसरता वाचले. "पानी कोनं सांडलं इथं?"

"तुया घराले उतार हाय रे," भासरे म्हणाले.

"हाय ना! मीच काढला," हे छाती काढून म्हणाले. "एक थेंब थांबत नाई."

त्यानंतर आम्ही नऊ दिवस बोललो. फार नाही. भाजी गार होते हे मी त्यांना थेट सांगू लागले, आणि ते थेट "आलोच" म्हणू लागले, एवढंच. एकदा त्यांनी विचारलं, "हा न बोलाचा उतार कोनं काढला होता वो आपल्या घरात?" मी म्हणाले, "सासूबाईनं." ते म्हणाले, "आईचं काम पक्कं असे." बुगडी शेतातून परत आली तेव्हा आमचं सरळ चाललेलं पाहून दोन दिवस नीट चरली नाही. यांनीही पाहिलं असेलच, पण ते काही बोलले नाहीत. हे आजारपणात आणि आश्चर्यात सारखेच गप्प असतात.

दहाव्या दिवशी सकाळी भासरे नव्या सदऱ्यात उभे. परात धुऊन, फडक्यात बांधून मी ओसरीत ठेवली. वाटी होती, पुडीत मूठभर सोयाबीन होतं.

"मी भाकरी कायच्यात मळू?" मी विचारलं.

"एक दिवस ताटात मळा. संध्याकाळी आनून देतो." आणि चार पावलं जाऊन परत आले. "थो पुठ्ठा द्या."

"तिथं कायले? टेबल सपाट असंन त्यायचं."

"द्या तं."

दिला. परात काखेत, चष्मा नाकावर, ते एसटीकडे गेले. ढालीसारखी परात धरलेला माणूस पाहून गल्लीतली कुत्री भुंकली. हीच शेवटची भेट.

तेरवी झाल्यावर दोन-तीन दिवसांनी कारंज्याच्या त्या मॅडम आल्या. फडक्यात तशीच बांधलेली परात त्यांनी ओसरीत ठेवली. आमच्या यांनी ती उचलून माझ्याकडे दिली आणि हळूच म्हणाले, "घे, तुई परात." मॅडमनी सगळं सांगितलं. मी दारातच उभी होते, त्या ओसरीत. भासऱ्यांनी टेबलावर परात ठेवली, आणि टेबल सपाट असताना सगळ्यांसमोर परातीखाली पुठ्ठा सरकवला. मग दाणा ठेवला, दहा वेळा, दहाही वेळा एकीकडेच. पोरांना विचारलं, "सांगा, कोणाचं चुकतं? दाण्याचं, माझं, का शास्त्राचं?" मग शेवटच्या बाकावरची एक पोरगी, जी वर्षभरात वर्गात एक शब्द बोलली नव्हती, बसल्या बसल्याच म्हणाली, "सर, त्याखालचा पुठ्ठा काढा ना." भासरे इतके खूश झाले की त्यांनी तिला पुढं बोलावलं आणि पुठ्ठा तिलाच काढायला लावला. दाणा चहूकडे गेला. "हे यंत्र आमच्या घरच्या धाकट्या सूनबाईनं केलं आहे," असं त्यांनी पोरांना सांगितलं. "मी सात वर्षं दाण्याकडे पाहत होतो. त्यांनी जमिनीकडे पाहिलं."

मग सगळे शिक्षकांच्या खोलीत बसले. चहा आला. भासरे जीवशास्त्राच्या मॅडमशी बराच वेळ बोलले, काही तरी लिहून घेतलं, आणि मग खुर्चीला मान टेकवली ती टेकवलीच. "कप हातातच होता हो," मॅडम म्हणाल्या. "थेंबही सांडला नव्हता. इतका सरळ धरलेला."

त्या गेल्यावर मी फडकं सोडलं. परात, वाटी, सोयाबीनची पुडी, आणि घड्या घातलेला पुठ्ठा. पुठ्ठा उलगडला तर आतल्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात लिहिलं होतं. आगपेटी ती केवढी, पण त्यांनी मावेल तेवढं लिहिलं होतं: "वेल. तुमचं बरोबर. उतार बियातच. काडीवर उलटा बांधला तरी सुटून परत फिरतो म्हणतात. करून पाहणे. पण बियात पहिल्यांदा उतार कोणी…" पुढं जागा संपली होती.

तो पुठ्ठा मी आता परातीखाली ठेवत नाही, पिठाच्या हातानं अक्षर पुसेल. फडताळात डब्याखाली आहे. परात उतारावरच असते आणि पाणी मोरीच्या अंगाला जमतं, पूर्वीसारखं. नवी आगपेटी फोडावी असं रोज मनात येतं, अजून फोडली नाही.

कुडाचे वेल यंदा चांगले चढले. परवा मी त्यातला एक कोवळा वेल धरला, हलक्या हातानं सोडवला आणि काडीभोवती उलट्या अंगानं गुंडाळून चिंधीनं बांधला. काल संध्याकाळी चिंधी सोडली. आज सकाळी झाडायला बाहेर आले तर वेलाचं टोक काडीपासून सुटलं होतं आणि आपल्या नेहमीच्या अंगानं परत गुंडाळायला लागलं होतं. मी खराटा खाली ठेवला. ओसरीत त्यांची खुर्ची अजून आहे, कोणी हलवलेली नाही. तिच्याकडे तोंड करून मी मोठ्यानं सांगितलं, "फिरला परत. नाई आयकत थो."

अंगणातून बुगडीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तुले नाई म्हनत," मी म्हणाले.